माळ्यावर एलपी आहेत?

रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी, अंधेरी-बोरिवलीकरांनो, चरणजीत सिंग हे नाव शोधा. हिंदी सिनेसंगीतातल्या या वादकाने 1982 मध्ये यमन, मालकंस असे दहा राग सिंथेसायझरवर वाजवले. ठेक्याला तबला नाही, रोलंडचं ड्रम मशीन टीआर-808. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एचएमव्हीची तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. 2002 मध्ये डच संग्राहक एडो बाउमन यांना ती दिल्लीत सापडली, 2010 मध्ये पुन्हा निघाली आणि शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्याही आधीची म्हणून गाजली. मुंबईच्याच 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' बँडची 'ऑब्सेशन 77'ही अशीच दुर्मीळ. नुसत्या कव्हरवर भुलू नका. आवृत्ती ओळखायला लेबलालगतच्या कोऱ्या कड्यावर कोरलेला नंबर तबकडी उजेडात तिरकी धरून वाचा.