काळा द्रव कुठे जातो?

लाकूड शिजवायला कागद गिरणीला टनावारी कॉस्टिक सोडा लागतो आणि काम झाले की तो नदीत जातो, असे अनेकांना वाटते. आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा ज्या क्राफ्ट पद्धतीने बनतो, तिच्या चांगल्या गिरणीत असे होत नाही. तिथे शिजवण्याच्या रसायनांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक परत मिळतात आणि पुढच्या घाण्याला वापरली जातात. तसे केले नाही तर गिरणीला धंदा परवडणारच नाही.

लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, म्हणजे व्हाइट लिकरमध्ये, १६०-१७० अंश सेल्सिअसला दाबाखाली शिजवतात. तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन विरघळते. लाकडाच्या कोरड्या वजनाचा जेमतेम निम्मा भाग लगदा म्हणून हाती येतो. बाकीचे लाकूड रसायनांसकट काळ्या द्रवात उतरते.

या ब्लॅक लिकरला सांडपाणी समजणे हा दुसरा गैरसमज. ते इंधन आहे. सुरुवातीला त्यात घन पदार्थ १५ टक्क्यांच्या आसपास असतात. बाष्पीभवनाने ते ६५ ते ८० टक्क्यांवर नेतात आणि दाट झालेला द्रव रिकव्हरी बॉयलरमध्ये फवारतात. लिग्निन जळते, वाफ होते, तिच्यावर वीज तयार होते. फिनलंडमधल्या आनेकोस्की इथे २०१७ साली सुरू झालेली गिरणी स्वतःच्या गरजेच्या दुपटीहून जास्त वीज बनवते.

या भट्टीचे खरे कौतुक तिच्या तळाशी आहे. तिथे मुद्दाम हवा कमी ठेवतात, त्यामुळे सल्फेटचे पुन्हा सल्फाइड होते. सोडियम कार्बोनेट आणि सल्फाइडचा लालभडक वितळलेला रस खाली वाहतो. पाण्याची नळी फुटून पाणी या रसावर पडले तर स्फोट होतो, म्हणून इथल्या कामगारांना डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. रस सौम्य द्रावणात विरघळवला की ग्रीन लिकर होते. त्यात कळीचा चुना घातला की कार्बोनेटचा पुन्हा कॉस्टिक होतो आणि व्हाइट लिकर तयार. तळाशी बसलेला चुन्याचा गाळ भट्टीत भाजला की त्याचाही कळीचा चुना परत मिळतो.

प्रदूषणाचे कायदे आल्यावर ही सोय गिरण्यांना जोडली गेली, असेही लोक मानतात. इतिहास नेमका उलटा आहे. १८७९ च्या सुमारास डान्झिगमध्ये कार्ल डाल हे रसायनतज्ज्ञ काम करत होते. त्यांच्या गिरणीत सोडा परत मिळवला जाई, पण थोडी घट होई. ती भरायला त्यांनी महाग सोड्याऐवजी स्वस्त सोडियम सल्फेट घातले. भट्टीत त्याचे सल्फाइड झाले आणि लगदा लवकर शिजला, अधिक बळकटही निघाला. क्राफ्ट पद्धत जन्मली ती अशी, रसायने परत मिळवण्याच्या खटपटीतून. भट्टीला आजचे रूप १९३० च्या दशकात कॅनडात जी. एच. टॉमलिन्सन यांनी दिले.

गिरणीभोवतीचा सडक्या कोबीसारखा वास मिथाइल मरकॅप्टनसारख्या गंधकी वायूंचा असतो. अब्जात एखाद-दोन भागही नाकाला कळतात, म्हणून नुसत्या वासावरून विषबाधेचा अंदाज बांधता येत नाही. मात्र बंदिस्त जागेत साठलेला हायड्रोजन सल्फाइड माणसाचा जीव घेतो. चांगल्या गिरण्या हे वायू गोळा करून जाळतात.

आता उलट बाजूचा गैरसमज, सगळे काही परत मिळते हा. क्लोरीन-संयुगे वापरून केलेल्या ब्लीचिंगचे पाणी या चक्रात घेता येत नाही, कारण त्यातले क्लोराइड बॉयलरला मारक ठरते. त्यासाठी वेगळे शुद्धीकरण लागते. भारतात अडचण आणखी खोल आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर बल्लारपूरची गिरणी वाढली, आणि बांबूत लाकडापेक्षा सिलिका जास्त असते. भाताच्या पेंढ्यात ती कितीतरी अधिक. ती बाष्पकांच्या नळ्यांत थर धरते, चुन्याच्या गाळात साचत जाते, आणि मग तो गाळ भाजून पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. त्यातच रिकव्हरी बॉयलर छोट्या गिरणीच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून पेंढा आणि बगॅस शिजवणाऱ्या अनेक लहान गिरण्या वर्षानुवर्षे रिकव्हरीशिवाय चालल्या, आणि त्यांचा काळा द्रव खरोखरच ओढ्यानाल्यांत गेला.