हाड वाढत नाही, सांधा सरकतो

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला फुगवटा दिसू लागला की घरोघरी एकच निदान होतं: हाड वाढलं. मग शेकणं, तेल चोळणं, कोणी सांगितलेला लेप लावणं सुरू होतं आणि फरक पडला नाही की ‘आता वय झालं’ म्हणून गप्प बसणं. या दुखण्यातल्या बहुतेक चुका त्या पहिल्या निदानातून निघतात. तिथे नवं हाड सहसा उगवलेलंच नसतं. अंगठ्यामागचं तळपायातलं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने झुकलेलं असतं आणि अंगठा उलट, शेजारच्या बोटाकडे वळलेला असतो. आपण जिला गाठ म्हणतो ते त्या लांब हाडाचंच बाहेर आलेलं टोक. बूट घासून त्यावरची त्वचा जाड होते, सुजते. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये हे लांब हाड आणि अंगठ्याचं हाड यांच्यामधला कोन 15 अंशांहून जास्त भरला की डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. सांधा एकदा तिरका झाला की अंगठा सरळ ओढणाऱ्या कंडरा धनुष्याच्या दोरीसारख्या एका बाजूने ताणल्या जातात आणि पावलागणिक तो वाकडेपणा वाढवत नेतात. चोळून किंवा शेकून हाडांची दिशा बदलत नाही, ती यामुळे.

मुळात हे होतं कशामुळे, यावर दोन पक्ष आहेत. एक सगळा दोष बुटांना देतो, दुसरा घराण्याला. बुटांविरुद्धचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. 1958 साली हाँगकाँगमधल्या चिनी लोकांची पावलं तपासली गेली, तेव्हा बूट घालणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांमध्ये हा दोष आढळला. अनवाणी वावरणाऱ्यांत तो 1.9 टक्के होता. त्याहून बोलका दाखला केंब्रिजचा. तिथल्या मध्ययुगीन दफनभूमींतले 177 सांगाडे अभ्यासले गेले आणि त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या माणसांत या विकृतीचं प्रमाण 6 टक्के होतं, तर चौदाव्या-पंधराव्या शतकात 27 टक्के. याच काळात इंग्लंडमध्ये लांब टोकाच्या निमुळत्या जोड्यांची फॅशन आली होती. खेड्यातल्या दफनभूमीत जेमतेम 3 टक्के, तर सुखवस्तू लोक आणि धर्मगुरू पुरलेल्या मठात तब्बल 43 टक्के. पण दुसऱ्या पक्षाचंही म्हणणं खोटं नाही. सारखेच बूट घालणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीचाच अंगठा वळतो, आई आणि मुलगी दोघींना हा त्रास असल्याचं नेहमी दिसतं आणि क्वचित शाळकरी मुलांमध्येही तो आढळतो. पावलाची ठेवण, सांध्यांचा सैलपणा वारशाने येतो, हे मान्यच करायला हवं. म्हणून बूट निर्दोष ठरत नाहीत. उलट ज्यांच्या घरात हा वारसा आहे त्यांनी बुटांबाबत अधिक जपायला हवं. वारसा बदलता येत नाही, बूट बदलता येतो. जूनमध्ये घेतलेला शाळेचा बूट मार्चपर्यंत पुरवण्याचा हट्ट म्हणूनच सोडायला हवा.

अंगठा सरळ करून देतो म्हणून विकले जाणारे पट्टे, सिलिकॉनचे तुकडे यांचं काय? बोटांमध्ये ठेवलेल्या मऊ तुकड्याने घर्षण कमी होतं, काहींना बरंही वाटतं. पण मोठ्या माणसाचा अंगठा त्यांनी कायमचा सरळ होतो, याला विश्वासार्ह आधार नाही. फिनलंडमध्ये 209 रुग्णांचे तीन गट करून शस्त्रक्रिया, बुटातला खास आधार आणि नुसतं थांबणं यांची तुलना झाली. 2001 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आधाराने सहा महिन्यांपर्यंत वेदना कमी झाल्या, पण वर्षअखेरीस तो फायदा टिकला नाही. शस्त्रक्रिया झालेले सर्वांत बरे होते. मग सर्वांनी सरळ शस्त्रक्रियाच का करून घेऊ नये? कारण तीत हाड कापून जागेवर बसवावं लागतं, कित्येक आठवडे खास बूट घालून जपून चालावं लागतं, सूज महिनोन्‌महिने रेंगाळते आणि काही जणांचा अंगठा पुन्हा वळतो. रुंद बूट वापरूनही रोजचं चालणं दुखत असेल, तर ती जरूर करावी. पाय नुसता वाकडा दिसतो म्हणून मात्र नको. वेदना नसलेला वाकडा अंगठा हा उपचाराचा विषयच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालभडक, गरम आणि असह्य दुखरा झाला, तर ते युरिक अॅसिडचं दुखणं, म्हणजे गाउट असू शकतं, किंवा जंतुसंसर्ग. लगेच डॉक्टर गाठावा. आणि मधुमेह असेल तर या फुगवट्यावरच्या घट्ट्याला ब्लेड लावू नये, औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅपही चिकटवू नये. बधिर पायाला जखम कळत नाही आणि ती चिघळते.

बाकी सर्वांना विनंती एवढीच की, नवा जोड संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्या. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढून घ्या, दुकानात बूट त्या कागदावर ठेवा आणि रेघ बुटाबाहेर दिसली तर तो विकत घेऊ नका.