गुळवेलीचे गणित

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोरेगाव लागते. तालुका धानाचा, आणि त्याला लागून नागझिऱ्याचे जंगल. हिरडा, बेहडा, आवळा, बिजा, मोह, भिलावा ही इथली ओळखीची झाडे. गुळवेल तर कुंपणावर आणि कडुनिंबावरही चढलेली असते. याच गावात जगत कला, वाणिज्य व इंदिराबेन हरिहरभाई पटेल विज्ञान महाविद्यालय आहे. औषधी वनस्पतींचे जंगल आणि विज्ञान शिकवणारे महाविद्यालय इतके जवळ असणे ही आज मोठी संधी आहे, कारण वनस्पतींतील द्रव्ये शरीरात काय करतात याचा शोध घेण्यासाठी गेल्या दोन दशकांत जगभर गणिती जाळ्यांचा वापर वाढला आहे. या कामाला कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि आलेख सिद्धांताची पक्की समज असली की सुरुवात करता येते. मात्र काम सुरू करणे जितके सोपे झाले आहे, तितकाच त्याचा चुकीचा अर्थ लावणेही सोपे झाले आहे. माझे म्हणणे असे, की जाळ्याचे गणित कोणतीही वनस्पती औषध असल्याचे सिद्ध करत नाही. ते आपला प्रश्न नेमका करते. उत्तर मिळते ते रानातल्या नोंदींतून, प्रयोगशाळेतून आणि रुग्णांवरील शिस्तबद्ध चाचण्यांतून. हे म्हणणे तपासायला महाराष्ट्राच्या घराघरात पोचलेल्या गुळवेलीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

आधी गणिताची ओळख करून घेऊ. इथे आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रेणूतील अणूंना बिंदू मानले आणि त्यांच्यातील बंधांना रेषा मानले, की रेणूचा आलेख तयार होतो. १९४७ मध्ये हॅरी वीनर यांनी या कल्पनेचा एक साधा पण दूरगामी उपयोग करून दाखवला. आलेखातील प्रत्येक दोन बिंदूंमधले अंतर मोजायचे आणि सगळ्या अंतरांची बेरीज करायची. ब्युटेनचे चार कार्बन सरळ रांगेत मांडले तर ही बेरीज १० येते. तेच चार कार्बन असे मांडले, की मध्यभागी एक आणि त्याला जोडलेले तीन, तर बेरीज ९ येते, हा आयसोब्युटेन. दोघांचे रासायनिक सूत्र एकच, पण सरळ ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो आणि आयसोब्युटेन उणे ११.७ अंशांना. एकच सूत्र असलेल्या अशा रेणूंत बांधणी जितकी आटोपशीर, तितकी बेरीज लहान आणि सहसा उत्कलनबिंदूही खाली. केवळ जोडणीच्या हिशेबातून पदार्थाच्या गुणधर्माचा अंदाज बांधता येतो, हे त्यातून दिसले. पुढे असे अनेक निर्देशांक तयार झाले आणि आज औषधी रेणूंचे गुणधर्म ताडण्यासाठी ते सर्रास वापरले जातात. आलेख सिद्धांताशी विदर्भाचे जुने नाते आहे. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या आणि तिथेच शिकवलेल्या शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांच्या नावाचा सोळा बिंदूंचा आलेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

रेणूच्या आतला आलेख ही पहिली पायरी. दुसरी पायरी शरीराची. पेशीतील प्रथिने एकमेकांशी जोडलेली असतात, एकमेकांना चालू-बंद करतात, आणि रोग म्हणजे बहुतेक वेळा या जोडण्यांच्या एखाद्या भागात झालेला बिघाड असतो. विसाव्या शतकातील औषधशास्त्राचा भर एका रोगासाठी एक लक्ष्य आणि त्या लक्ष्यासाठी एक रेणू, असा होता. तो मार्ग अनेकदा अडला. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर धान घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे कारण सांगावे लागणार नाही: एक पाट बुजवला म्हणून सगळ्या बांध्या कोरड्या पडत नाहीत, पाणी दुसरीकडून वाट काढते. २००७ आणि २००८ मध्ये औषधसंशोधक अँड्र्यू हॉपकिन्स यांनी हाच विचार औषधांच्या भाषेत मांडला आणि 'नेटवर्क फार्माकॉलॉजी' हे नाव रूढ झाले. त्याच्या थोडे आधी बुडापेस्टच्या पेटर चेर्मेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणू आणि यीस्ट यांच्या नियंत्रण-जाळ्यांवर गणित करून दाखवले होते, की एक बिंदू पूर्ण निकामी करण्यापेक्षा अनेक बिंदू थोडेथोडे कमकुवत केल्याचा परिणाम मोठा असू शकतो. वनस्पतीच्या काढ्यात शेकडो द्रव्ये असतात आणि त्यांतील बहुतेक सौम्य असतात. अशी मिश्रणे कशी काम करत असतील, याचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण पहिल्यांदाच हाती आले.

शुद्ध केलेला एकच रेणूदेखील अनेक ठिकाणी पोचतो, याचा पुरावा मुंबईतच आहे. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या वापराची निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली आणि ही वनस्पती जगाच्या नजरेत आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. रिसर्पिन चेतापेशींतील नॉरअॅड्रिनलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन या तिन्हींचे साठे रिकामे करते. म्हणून रक्तदाब उतरतो, आणि म्हणूनच काही रुग्णांमध्ये उदासीनताही येते. गुण आणि दोष एकाच जोडणीतून येतात, हा धडा पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रत्यक्ष काम कसे होते? एका स्तंभात वनस्पती, दुसऱ्यात तिच्यातील द्रव्ये, तिसऱ्यात ती द्रव्ये ज्यांना चिकटतात ती प्रथिने आणि चौथ्यात त्या प्रथिनांशी जोडलेले रोग; मग त्यांच्यामधल्या रेषा. भारतीय वनस्पतींची माहिती पूर्वी विखुरलेली होती. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत अरिजित सामल यांच्या गटाने २०१८ मध्ये 'इम्पॅट' हा संग्रह खुला केला. त्यात १,७४२ वनस्पती आणि ९,५९६ द्रव्ये होती. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे आकडे ४,०१० आणि १७,९६७ वर गेले. पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्रिफळ्याचे असे जाळे प्रसिद्ध केले आणि हिरडा, बेहडा व आवळा यांतील द्रव्ये कर्करोगाशी संबंधित कोणत्या प्रथिनांपर्यंत पोचू शकतात हे मांडले. ही तिन्ही फळे गोरेगावच्या रानातली आहेत.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो: अशा जाळ्यात कोणतीही वनस्पती कोणत्याही रोगाला जोडून दाखवता येते. आक्षेप खरा आहे. क्वेर्सेटिनसारखी द्रव्ये असंख्य वनस्पतींत असतात आणि त्यांच्यावर इतके शोधनिबंध आहेत, की त्यांच्या नावावर शेकडो रेषा जमा होतात. कर्करोगातील काही प्रथिनांचेही तसेच. ज्याचा अभ्यास जास्त झाला, तो बिंदू जाळ्यात मोठा दिसतो. त्याचे शरीरातले महत्त्व तितकेच असेल असे नाही. शिवाय काही द्रव्ये परीक्षानळीत जवळपास प्रत्येक प्रथिनाला प्रतिसाद दिल्याचा आभास निर्माण करतात. म्हणून रंगीत जाळ्याचे चित्र छापून 'अमुक वनस्पती मधुमेहावर गुणकारी' असा निष्कर्ष काढणारा निबंध फारसे काही सांगत नाही.

पण या आक्षेपाला गणितातच उत्तर आहे. वनस्पतीतील द्रव्यांची लक्ष्ये रोगाच्या प्रथिनांपासून किती पावलांवर आहेत ते मोजायचे. मग तितक्याच जोडण्या असलेली प्रथिने यादृच्छिक पद्धतीने निवडून तेच अंतर हजार वेळा मोजायचे. खरे अंतर या यादृच्छिक अंतरांपेक्षा स्पष्टपणे कमी असेल, तरच नात्याला अर्थ आहे. जाळ्यांचे अभ्यासक अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पॉलिफेनॉल या वर्गातील ६५ वनस्पतीद्रव्यांवर ही कसोटी लावली. रोझमॅरिनिक आम्ल रक्तातील बिंबाणूंच्या कामात हस्तक्षेप करील, असे गणिताने सुचवले. मग मानवी बिंबाणूंवर प्रयोग केला आणि तसा परिणाम दिसला. तुळशीतही हे आम्ल असते. एवढ्याने तुळस हृदयविकाराचे औषध ठरत नाही. पण अंदाज आधी मांडला, नंतर तपासला आणि तो खोटा ठरण्याची पूर्ण शक्यता ठेवली, ही पद्धत विज्ञानाची आहे.

आता गुळवेल. १९९३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील शरदिनी डहाणूकर, रवी बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांना गुळवेल दिली, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण ९२.४ टक्के होते. ज्यांना दिली नाही, त्यांच्यात ४० टक्के. रुग्ण थोडे होते, पण फरक मोठा होता. पुढे कोविडकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे घरोघरी उकळू लागले. २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या यकृतावर उलटल्यासारखे हे चित्र होते. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशाच ४३ रुग्णांचा अहवाल आला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेले नाही. ती गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या, की जाळ्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही कळतात. गुळवेल प्रतिकारयंत्रणेच्या जाळ्याला स्पर्श करते, एवढे गृहीत धरले तरी तो स्पर्श संसर्गाशी झुंजणाऱ्या रुग्णाला तारक आणि ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटण्याच्या बेतात आहे त्याला मारक ठरू शकतो. रेषा तीच, व्यक्ती वेगळी, मात्रा वेगळी, मुदत वेगळी. साध्या जाळ्यातील रेषेवर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. द्रव्य त्या प्रथिनाला चालना देते की रोखते, हेही अनेकदा नसते. आणखी एक उणीव मोठी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी गुळवेलीतील एक मोठा बहुशर्करा रेणू प्रतिकारपेशींना टीएलआर-४ या ग्राहकातून चेतवतो, असे दाखवले आहे. लक्ष्ये शोधण्याची प्रचलित संगणकीय साधने लहान रेणूंसाठी बनलेली आहेत. असे मोठे रेणू त्यांच्या चाळणीतून निसटतात. म्हणजे वनस्पतीचा कदाचित सर्वांत बोलका भागच जाळ्याबाहेर राहतो. आणि वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न तर कोणतेही गणित सोडवू शकत नाही. चुकीच्या वेलीचे नाव पहिल्या स्तंभात लिहिले, तर पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असूनही व्यर्थ.

काही जण म्हणतील, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असताना हा खटाटोप कशाला? अनुभवाचे मोल मोठे आहे. सर्पगंधेचा शोध त्यातूनच निघाला. पण गावातल्या जाणकार वैदूचा अनुभव विशिष्ट रुग्णाचा, थोड्या दिवसांचा, ओळखीच्या वेलीचा असतो. निरोगी माणसाने बाजारातली पूड महिनोन्‌महिने घ्यावी, असा तो अनुभव नव्हता. दुसऱ्या बाजूचे म्हणतील, यकृताला धोका असेल तर वनस्पतींचा नादच सोडावा. तेही घाईचे आहे. बिजाचेच पाहा: १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह झालेल्या ९७ रुग्णांवर बिजाची, म्हणजे विजयसाराची, चाचणी प्रसिद्ध केली आणि ६७ जणांची साखर आटोक्यात आल्याचे नोंदवले. त्या चाचणीत तुलनेचा गट नव्हता, म्हणून पुढे तुलनात्मक चाचणीही घेतली गेली. श्रद्धा आणि नकार या दोहोंपेक्षा हा क्रम अधिक उपयोगाचा आहे.

म्हणूनच गोरेगावसारख्या ठिकाणचे स्थान महत्त्वाचे ठरते. जाळ्याची आकडेमोड जगात कुठेही होईल. पण त्यात जी माहिती नाही, ती इथेच मिळू शकते. वेलीचा नमुना दाबून, वाळवून, ओळख पटवून ठेवणे. ती कोणत्या झाडावर, कोणत्या ऋतूत तोडली याची नोंद करणे. कडुनिंबावरची गुळवेल अधिक गुणाची मानतात, तर तिच्यातील द्रव्ये खरोखर वेगळी आहेत का हे मोजणे. वैदू कोणता भाग, किती आणि किती दिवस देतात हे टिपणे. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यकृताच्या तक्रारी घेऊन आलेल्यांना कोणते काढे घेतले हे नेमाने विचारणे. अशी प्रत्येक नोंद जाळ्यातील एका रेषेला मात्रा, दिशा आणि अट देईल. या माहितीवर गावाचा हक्क राहील का, ही शंका रास्त आहे. हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवले, ते लिखित पुराव्यांच्या बळावर. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपातळीवर लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. संशोधन त्या नोंदवहीपासून आणि ग्रामसभेच्या संमतीने सुरू झाले, तर ज्ञान बाहेर जाईल तेव्हा त्याच्यासोबत गावाचे नाव आणि वाटाही जाईल.

या विषयात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडून एकच अपेक्षा ठेवावी. जाळे काढून झाल्यावर त्याने दोन वाक्ये स्पष्ट लिहावीत: माझ्या गणितावरून अमुक द्रव्याचा अमुक परिणाम दिसायला हवा, आणि अमुक प्रयोगात तो दिसला नाही तर माझा अंदाज चुकला. पहिले वाक्य बहुतेक निबंधांत असते. दुसरे क्वचित सापडते. ज्या दिवशी दुसरेही नेमाने लिहिले जाईल, त्या दिवशी गुळवेल कोणाला द्यावी, किती द्यावी आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे डॉक्टर, वैदू आणि रुग्ण तिघांनाही पुराव्यानिशी सांगता येईल.