एकाच मोटरसायकलच्या अनेक जन्मतारखा

जुन्या जपानी मोटरसायकलचं साल विचारलं, की मालक बहुधा आरसी बुक पुढे करतो. त्यातलं साल खोटं नसतं, पण ते बऱ्याचदा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. गाडी कारखान्यातून बाहेर कधी पडली, कंपनीने ती कोणत्या सालचं मॉडेल म्हणून विकली आणि तिची सरकारी नोंद कधी झाली, ही सालं वेगवेगळी असू शकतात. नवल हे, की कागद एकही नसला तरी यातलं पुष्कळ काही गाडीच्या अंगावर वाचता येतं.

होंडाची सीबी७५० फोर घ्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियो मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९६९ मध्ये विक्रीला. ओळीने चार सिलिंडर, ७३६ सीसी, ६७ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. एवढी मोठी गाडी किती खपेल, याची खुद्द होंडालाच खात्री नव्हती. अंदाज होता वर्षाला १,५०० गाड्यांचा. इतक्याशा संख्येसाठी महागडे डाय कशाला करायचे, म्हणून सुरुवातीच्या क्रँककेस साध्या पद्धतीने ओतल्या गेल्या. त्यांचा पृष्ठभाग खरखरीत लागतो. संग्राहक त्यांना ‘सँडकास्ट’ म्हणतात. मग मागणी अशी काही उसळली, की वर्षाचा आकडा महिन्याचा झाला आणि पुढे महिन्याला ३,००० वर गेला. डाय आले, आणि इंजिन नंबर सीबी७५०ई-१००७४१४ च्या पुढे क्रँककेस गुळगुळीत झाली. नंबर १०००००१ पासून सुरू होतात, म्हणजे खरखरीत इंजिनं ७,४१४. एका कंपनीची धाकधूक आणि त्यानंतरचं तिचं भाग्य ॲल्युमिनियमवर नुसतं बोट फिरवून कळतं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

याच गाडीपाशी नवखा माणूस हमखास घाबरतो. स्टिअरिंग हेडवरचा चॅसी नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर जुळत नाहीत; म्हणजे इंजिन बदललं असणार! पण होंडा दोन्हींची मोजणी वेगवेगळी ठेवत असे. नंबर एकमेकांच्या आसपास असले, की पुरे. उलट यामाहा आरडी३५० वर दोन्ही ठिकाणी तोच नंबर कारखान्यातच ठोकलेला असे. तिथे फरक दिसला, तर इंजिन खरंच दुसऱ्या गाडीचं. म्हणून आधी कंपनीची रीत माहीत हवी.

सुझुकीची रीत मला सगळ्यांत लोभस वाटते. तिने सालाला एकेक अक्षर दिलं. पाण्याने थंड होणारी, तीन सिलिंडरची जीटी७५० पाहा: १९७२ ची जे, १९७३ ची के, मग एल, एम, आणि १९७६ ला एकदम ए. अक्षर पुसलं गेलं असेल, तर पुढचं चाक बघा. जे मॉडेलला ड्रम ब्रेक होता, के पासून दोन डिस्क आल्या. कावासाकीची ९०३ सीसीची झेड१ रंगावरून बोलते. १९७३ च्या मॉडेलचं इंजिन काळं रंगवलेलं, १९७४ च्या झेड१ए चं उघड्या ॲल्युमिनियमचं. आणि १९७३ चं मॉडेल म्हणवणाऱ्या कित्येक झेड१ तयार झाल्या होत्या १९७२ मध्ये. मॉडेलचं साल हे विक्रीचं साल. ते कॅलेंडरच्या पुढे धावतं. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांवर हा घोळ सोडवणारी एक पट्टी असते, उत्पादनाचा महिना आणि साल सांगणारी. ती शाबूत असेल, तर तिच्याइतका थेट साक्षीदार नाही.

१९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेने सतरा अक्षरी चॅसी क्रमांक सक्तीचा केला. त्यातलं दहावं अक्षर साल सांगतं: बी म्हणजे १९८१, सी म्हणजे १९८२. आय, ओ, क्यू, यू आणि झेड गाळलेली, त्यामुळे चक्र तीस वर्षांनी पुन्हा तिथेच येतं. नववं स्थान तर राखणदारच आहे. बाकीच्या अक्षरांना ठरलेले आकडे देऊन, त्यांना जागेनुसार ठरलेल्या गुणकांनी गुणून, बेरजेला ११ ने भागायचं; बाकी उरते ती इथे लिहिलेली असते, आणि १० उरली तर एक्स. एक अक्षर चुकलं, तरी बहुतेक वेळा हिशेब बिघडतो. जपानमध्येच विकलेल्या गाड्यांना मात्र हा क्रमांक नसतो, नुसता मॉडेलचा संकेत आणि अनुक्रमांक. तिथल्या नोंदणीच्या कागदावर सालही सम्राटाच्या कारकिर्दीचं. शोवा ५० दिसलं, तर १९२५ मिळवा: १९७५.

आपल्याकडची राजदूत ३५० हे तर सुरेख कोडं आहे. तिचा आराखडा १९७५ च्या आरडी३५०बी चा, पण एस्कॉर्ट्सने ती इथे बनवायला घेतली १९८३ मध्ये. नुसत्या रूपावर गेलात, तर आठ वर्षं चुकाल. पुढचा ड्रम ब्रेक तिची ओळख पटवून देतो, कारण मूळ जपानी गाडीला तिथे डिस्क होती.

सालाला आता कायद्याचंही वजन आहे. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरांसह. अशी गाडी तुमच्या घरी असेल, तर रंगाला देण्याआधी चॅसी आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. आणि गॅरेजवाल्याला बजावून सांगा: त्या दोन जागांवर ग्राइंडर लावायचा नाही, पुट्टी भरायची नाही.