उपाशी मातीची बँक्सिया

सिडनीत अंगणात लावलेले बँक्सियाचे पहिले झुडूप मी मायेने मारले. गुलाबाला घालतात तेच खत त्यालाही घातले. काही आठवड्यांत पाने पिवळी पडली, कडा करपल्या. पाणी कमी पडले असेल म्हणून पाणी वाढवले. झुडूप गेलेच. कारण शोधू लागले तेव्हा उमगले, की माझी जोपासनेची कल्पनाच इथे परकी होती.

ऑस्ट्रेलियाची जमीन अतिप्राचीन. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने तिच्यातला स्फुरद धुऊन नेला आहे. सिडनीभोवतीच्या वालुकाश्माच्या मातीत तर तो फारच थोडा. अशा मातीत तगण्यासाठी बँक्सियाला बारीक मुळांचे दाट झुपके फुटतात. त्यांतून सायट्रेटसारखी आम्ले पाझरतात आणि मातीला घट्ट चिकटलेला स्फुरद सुटा होतो. मिळेल तेवढा ओढून घ्यायचा, एवढेच या मुळांना ठाऊक. पुढ्यात भरपूर आले तरी त्यांना ‘पुरे’ म्हणता येत नाही. म्हणून आपले सकस खत तिला विष ठरते.

१७७० मध्ये जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर यांनी बॉटनी बे येथे हिचे नमुने गोळा केले. १७८२ मध्ये धाकट्या लिनियसने बँक्सच्या नावावरून हिचे नामकरण केले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून खंडाच्या नैर्ऋत्येकडचे नुंगार लोक बँक्सियाची मधाळ फुले पाण्यात भिजवून गोड पेय करत आले होते.

माझ्या अंगणातली जात एरिसिफोलिया. रानात ही वणव्यात जळून मरते, पण त्याच धगीने तिची लाकडी फळे उघडतात आणि राखेत बी पडते. मात्र ती रोपे बी धरण्याआधीच दुसरा वणवा आला, तर त्या जागचा वंश संपतो.

आता मी भरपूर उन्हाची जागा आणि निचऱ्याची वाळूसर माती निवडली आहे. खत द्यायचेच तर अगदी कमी स्फुरदाचे, तेही क्वचित. छाटणी पाने असलेल्या भागापर्यंतच करते, कारण जुन्या लाकडाला फुटवा येत नाही. इथल्या हिवाळ्यात कणसासारखे केशरी तुरे येतात. एकेका तुऱ्यात शेकडो फुले, आणि त्यांवर मध चाखणारे हनीईटर पक्षी.

पुण्याहून आई फोनवर विचारते, “अगं, झाडाला काही घालतेस की नाही?”

“त्याचीच गळलेली पाने बुंध्याशी राहू देते,” मी सांगते, “तेवढे त्याला पुरते.”