जुन्या शस्त्राचा अस्सलपणा

परांडा किल्ल्यातील तोफांपुढे उभे राहणारे प्रेक्षक काय, किंवा वाडवडिलांची फौजी बंदूक जिव्हाळ्याने जतन करणारे वारसदार काय, शस्त्र जितके चकचकीत तितके ते अस्सल, असे सहसा समजतात. वस्तुतः स्थिती आणि अस्सलपणा या दोन वेगळ्या गोष्टी : स्थिती म्हणजे शस्त्राची झीज व गंज, आणि अस्सलपणा म्हणजे त्याचे भाग, खुणा व पृष्ठभाग मूळचे असणे. जुन्या सनदेवरील पुसट शाई नव्याने गिरवल्यास अक्षरे ठळक होतात, परंतु दस्तऐवज म्हणून तिची किंमत घटते; पॅटिना (धातूवर कालौघात चढलेला रंगीत थर) घासून काढलेल्या शस्त्राचीही तीच गत.

अस्सलपणा तपासताना, उदाहरणार्थ ली-एन्फिल्ड या ब्रिटिश फौजी रायफलीच्या मुख्य सांगाड्यावरील आणि बोल्टवरील (काडतूस आत सरकवून नळी बंद करणारा दांडा) क्रमांक जुळतात काय, हे प्रथम पाहावे. मात्र ते न जुळले म्हणजे वस्तू बनावट, असा निवाडा करू नये, कारण दुरुस्तीच्या वेळी लष्करातच भाग बदलले जात. 1549 साली अहमदनगरास मुहम्मद बिन हसन रूमीने ओतलेली, पुढे परांड्यास असलेली आणि 1632 मध्ये विजापुरास नेलेली मलिक-ए-मैदान तोफ पाहा : विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर कोरविलेला लेख मूळचा नाही, तरीही तो तिच्या चरित्राचा खरा अंश आहे, आणि तो खरवडणे हाच माझ्या मते खरा अपराध ठरेल.

बंदूक अस्सल असली, तरी केवळ जुनी म्हणून ती परवान्यातून सुटत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील सवलत दुरुस्तीनंतरही वापरता न येणाऱ्या कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्रांपुरतीच आहे.