शिसपेन्सिलीत नसलेलं शिसं

पेन्सिलीचं टोक तोंडात गेलं की आमच्या बाई ओरडायच्या, "काढ ते! शिसं पोटात जाईल." पुढे कळलं की शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट, कार्बनचं एक रूप. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्राफाइटचा मोठा साठा सापडला, तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. ती चूक नावात राहिली आणि फिरत फिरत मराठीतही आली.

बाईंची काळजी मात्र रास्त होती. शिसं मुलांच्या पोटात जातं, पण येताना स्वतःचं नाव सांगत नाही. भिंतीवरच्या जुन्या रंगाचे पोपडे, डोळ्यांत घालायचा सुरमा, भडक पिवळी हळद, जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेवरची धूळ, भांड्याची भेसळीची कल्हई अशा कितीतरी वाटांनी ते घरात येतं. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेच्या २०२०च्या अहवालातल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यांतली २७ कोटींहून अधिक मुलं भारतातली. रक्तातलं शिसं या पातळीला पोचलं की ते कुठून येतंय हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून कमी पातळीही ती सुरक्षित मानत नाही.

शरीराची फसगत

लोह, कॅल्शियम, जस्त हेही धातूच, आणि ते शरीराला लागतात. शिशाचं शरीरात काहीही काम नाही. तरी शरीर त्याला आत घेतं, कारण त्याला शिसं कॅल्शियमसारखंच भासतं. आतड्यात कॅल्शियम आणि लोह शोषून घेण्याच्या ज्या वाटा आहेत, त्याच वाटांनी शिसं शिरतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. तिथे शिसं घुसलं की निरोप चुकतात. वाढत्या वयात असं झालं, तर आकलन आणि एकाग्रता यांचं झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही.

आता सगळ्यात कळीचा मुद्दा. अंगात लोह कमी पडलं की आतडं लोहाच्या वाटा वाढवतं. त्या वाढलेल्या वाटांनी शिसंही जास्त येतं. म्हणजे ज्याच्या ताटात कमी, त्याच्या रक्तात शिसं जास्त. बरं, आत आलेलं शिसं हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांनाच अडवतं आणि रक्तक्षय आणखी वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. तो शिशामुळेच झाला, असं कुणी म्हणणार नाही. पण लोहाच्या कमतरतेने ज्यांचं रक्त कमी आहे, त्यांची दारं शिशासाठी जास्त उघडी आहेत.

रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं. काही लघवीवाटे जातं, काही हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर हे जुनं शिसंही रक्तात येतं. आईने तिच्या लहानपणी गिळलेली धूळ अशी बाळापर्यंत पोचते. गरोदरपणात आणि पाजताना पुरेसं कॅल्शियम मिळालं तर हाडांवरचा भार हलका होतो. बाळंतिणीला नाचणी, तीळ, दूध, हळिवाचे लाडू आग्रहाने खाऊ घालणाऱ्या आज्यांच्या रीतीला हा एक भक्कम आधार आहे.

कथील की शिसं?

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भट्टी पेटवायची, भात्याने निखारे फुलवायचे, पितळी पातेलं तापलं की त्यात नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग धातूची कांडी तापल्या पातेल्याला लावायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची. काळं पातेलं पाहता पाहता चांदीसारखं व्हायचं. ती कांडी शुद्ध कथलाची हवी. पण कथील महाग, शिसं स्वस्त, आणि वितळल्यावर दोन्ही सारखीच चकाकतात. त्यात शिसं मिसळलेलं असलं तर आमटीतली चिंच, कढीतलं ताक, टोमॅटोचं सार यांच्या आंबटाने ते अन्नात उतरतं. शरीराची होते तीच फसगत इथे डोळ्यांची होते.

हळदीचंही तसंच. हळकुंड जास्त पिवळंधमक दिसावं म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर चालायचा. २०१९मध्ये संशोधकांनी तो उघडकीस आणला. सरकारने बाजारात छापे टाकले, दंड केले, जनजागृती केली. बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत सापडणारी भेसळ दोन वर्षांत शून्यावर आली. मूळ बंद केलं की फरक पडतो, हे आपणही अनुभवलं आहे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. घरगुती रंगांत शिशाला दशलक्ष भागांमागे ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या भिंती, खिडक्या मात्र अजून उभ्या आहेत.

घरात काय करावं?

हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकून पाहा. लगेच पिवळा रंग सुटला तर ते वापरू नका. जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा, आणि तेव्हा मुलं नि गरोदर बाई घरात नकोत. बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावरून आलेल्या माणसाने आधी कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत, मगच मूल उचलावं. मुलाला उपाशीपोटी ठेवू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागेल. जेवणावर लगेच चहा नको.

शिशाचं असं खास लक्षण नसतं. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं याला आपण शंभर कारणं देतो. खात्री होते ती रक्ततपासणीने. शरीरातून धातू बाहेर काढणारी औषधं पातळी फार वाढली तरच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

म्हणून अंगणवाडीत, दवाखान्यात एक प्रश्न वाढवावा असं मला मनापासून वाटतं. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही मुलाचं रक्त वाढत नसेल, तर आईला विचारावं, "याचे बाबा कुठे कामाला आहेत? घराशेजारी काय वितळवतात?" उत्तरात बॅटरी, भट्टी, भंगार असा शब्द आला, तर त्या मुलाची शिशासाठी रक्ततपासणी झालीच पाहिजे.